चूल एक, पायऱ्या दोन

माझ्या मुलाचं जावळ करखात्याच्या कचेरीत आणि करखात्याच्या कात्रीने झालं. आमच्या घराण्यात एवढा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता.

नेमी तेव्हा अकरा महिन्यांचा होता. मी हॅलोवे नावाच्या विद्यापीठाच्या गावात पीएच.डी. करत होते. माझा नवरा सम्मेद माझ्या व्हिसाचं शेपूट धरून आला होता आणि घरात बसून इचलकरंजीतल्या एका यंत्रमागवाल्याचा जमाखर्च बघायचा. नेमी मात्र इथलाच, इथल्याच दवाखान्यात जन्मलेला.

लागोपाठ तीन उन्हाळे माणसं आपापल्या घरात बसल्या बसल्या मेली, तेव्हा इथल्या सरकारला पाझर फुटला आणि ‘उन्हाळी दिलासा’ सुरू झाला. देशात राहणाऱ्या दर माणशी ठरलेली रक्कम थेट वीजकंपनीकडे जायची. घरात जितकी माणसं मान्य, तितके तास भिंतीवरचं यंत्र गार हवा सोडणार. सोपं होतं. फक्त ‘राहणाऱ्या’ या शब्दापाशी सगळं अडलं.

कारण परदेशी विद्यार्थी इथे राहतो की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. जुना नियम दिवस मोजायचा आणि विद्यार्थ्याचे पहिल्या पाच वर्षांचे दिवस मोजायचेच नाहीत, असं त्यातच लिहिलेलं. म्हणजे मी इथे घाम गाळत होते, शिष्यवृत्तीवर इथे कर भरत होते, बाळंतही इथेच झाले. पण हिशेबात मी इथे नव्हते. निम्मी मुलं चुकून नागरिकांचं विवरणपत्र भरायची, त्यांना दिलासा मिळायचा आणि वर्षभराने वसुलीची नोटीस यायची. जी बरोबर भरायची त्यांना काहीच मिळायचं नाही आणि वर ‘तुम्ही मागितला का नाही?’ असं विचारणारं पत्र यायचं. शेवटी सरकारने ठरवलं की माणसाला विचारायचंच नाही. त्याच्या केसाला विचारायचं.

यात शास्त्र खरं होतं, हे मला मान्य करावं लागेल. आपण पितो ते पाणी केसात उतरतं. ढग समुद्राकडून आत जाताना जड ऑक्सिजनचं पाणी आधी गाळून टाकतात, त्यामुळे प्रत्येक मुलखाच्या पाण्याचं वजन किंचित वेगळं. जिभेला कळत नाही, यंत्राला कळतं. अन्नाचंही तसंच. मका, ऊस, ज्वारी या गवतांतला कार्बन गहू-तांदळातल्या कार्बनहून निराळा. इथल्या गाई मका खातात, कोंबड्या मका खातात, माणसं त्या गाई-कोंबड्या खातात आणि वर मक्याचा गोड पाक पितात. केसातून पाहिलं तर इथला माणूस म्हणजे चालतंबोलतं कणीस. पाणी इथलं आणि कार्बन मक्याचा, की झाला तो रहिवासी.

माझ्या केसाने मला पहिल्या झटक्यात रहिवासी ठरवलं. सम्मेदलाही. आता आम्ही दोघं पक्के जैन, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. इथलं मक्याचं काही आम्ही बोटाने शिवलं नव्हतं. पण माझ्या सासूबाई, अक्का, दर दोन महिन्यांनी ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायच्या आणि ज्वारी ही मक्याची भाऊबंद. अक्कांच्या भाकरीने आम्हाला परदेशात वस्तीला बसवलं. यंत्राला भाकरी ठाऊकच नव्हती. मी कशाला सांगू?

राहिला नेमी. त्याच्या केसाचा नमुना हवा होता, कारण लोक शेजाऱ्याची मुलंही आपल्या नावावर लावत होते, असा सरकारला संशय. म्हणून ‘एक चूल’ नावाचा नियम आला होता: आई आणि मूल एकाच चुलीवरचं खातात का, हे केसावरून जुळवायचं.

कचेरीतला अधिकारी हॉर्नबी. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू सकाळी इस्त्री करून बसवल्यासारखं असायचं. त्याने कात्री उचलली तशी मी नेमीला मागे ओढलं.

“त्याचं जावळ झालेलं नाही.”

“ते काय असतं?”

“पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात. तोवर कात्री लागत नाही.”

“मामा कुठे आहे?”

“चार तासांवर.”

सम्मेद माझ्या कानाशी लागला, “अगं, दोन केस तर आहेत. कापू दे की.” पण आमच्या घरी अक्कांना तोंड कुणी द्यायचं, हे आठवून तोच पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन आला.

माझा भाऊ भरतेश रात्रीच्या बसने आला आणि कचेरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत मांडी घालून बसला. डोक्याला रुमाल, हातात कणकेचा गोळा. नेमी त्याच्या मांडीवर बसून हॉर्नबीचा पट्टा ओढत होता.

“ताई, आत्याचं काय?” भरतेश म्हणाला. “केस खाली पडायला नकोत.”

केस झेलायचा मान आत्याचा आणि आत्या इचलकरंजीत. हॉर्नबी नमुन्याची पिशवी पसरून उभा होता. भरतेशने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “झाली की आत्या. दाजी, याला साडी घ्यायला लागंल बघा.”

“काय म्हणतायत ते?” हॉर्नबीने हसत विचारलं.

“तुमचे आभार मानतायत,” सम्मेद म्हणाला.

असं नेमीचं जावळ झालं. मधल्या लांब बटा हॉर्नबीच्या पिशवीत पडल्या. उरलेले केस भरतेशने कणकेत खोचले, गोळा डब्यात ठेवला आणि म्हणाला, “हे पंचगंगेला. मी दिवाळीला जाईन तेव्हा नेतो.” टक्कल झालेल्या नेमीने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू आमच्यातल्याच कुणीतरी चोरी केली होती.

अहवाल आला तो असा: मुलाचं पाणी जुळतं. मुलाचं अन्न अर्जदार आईच्या अन्नाशी जुळत नाही. मूल आईपेक्षा अन्नसाखळीत एक पूर्ण पायरी वर आहे. आई शाकाहारी, मुलाच्या आहारात मोठ्या प्रमाणात प्राणिज अन्न. सबब मूल दुसऱ्या चुलीवर जेवतं. त्या चुलीचा पत्ता सहा आठवड्यांत द्यावा किंवा नवा, जुळणारा नमुना द्यावा. नाहीतर मूल प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात आहे याची बालसंरक्षण खात्यामार्फत चौकशी होईल.

मी तो कागद वाचत होते तेव्हा मूल प्रत्यक्षात माझ्या ताब्यात होतं आणि माझ्या खांद्यावर लाळ गाळत होतं.

सम्मेदला छापील गोष्टींबद्दल फार आदर. त्याने अहवाल दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, “ईश्वरी, रागावू नकोस. पाळणाघरात कधी अंडं वगैरे...?”

“आपण त्याला पाळणाघरात घालतच नाही, सम्मेद. दिवसभर तूच असतोस ना त्याच्याजवळ?”

“हो, ते आहेच. पण यंत्र उगाच कसं म्हणेल?”

त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की माझा नवरा माझ्यापेक्षा यंत्रावर जास्त विश्वास ठेवतो. आणि त्याने विश्वासाने तो कागद आईला वाचून दाखवला.

अक्कांचा चेहरा फोनच्या पडद्यावर मावेना. “काय घातलीस गं त्याच्या तोंडात?”

“काही नाही अक्का. मऊ भात, मुगाची डाळ, नाचणीची खीर. आणि अंगावरचं दूध.”

“मग केसात कोंबडी कुठनं आली?”

“कोंबडी नाही आली. मशीनला तसं वाटलं.”

“मशीनची काय आपल्याशी भावकी हाय व्हय, खोटं बोलायला? आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंड्याचं टरफल बघितलं न्हाई, आणि तिथं जाऊन माझ्या नातवाला...” आणि अक्का रडायला लागल्या. सम्मेद त्यांची समजूत काढत होता. माझी कुणी काढली नाही. नेमीने तेवढी माझी वेणी तोंडात घातली.

मला उत्तर माहीत होतं. ते माझ्याच प्रयोगशाळेत जन्मलं होतं.

माझे मार्गदर्शक प्राध्यापक व्हिटलॉक पूर्वी हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांचे दात आणि हाडं तपासायचे. मेलेली माणसं कुठून आली हे सांगता सांगता ते जिवंत माणसांकडे वळले, कारण जिवंत माणसांच्या खात्याकडे निधी जास्त होता. केसाचं यंत्र त्यांचंच. अन्नसाखळीतली पायरी नायट्रोजनवरून कळते. शरीर हलका नायट्रोजन टाकून देतं आणि जड थोडा राखून ठेवतं. त्यामुळे गवतापेक्षा गाय एक पायरी वर, गाईला खाणारा वाघ आणखी एक. आणि अंगावर पिणारं बाळ आपल्या आईच्या एक पायरी वर. कारण दूध म्हणजे आईचंच शरीर. बाळ अन्न खात नाही, आईला खातं. नायट्रोजनपुरतं बोलायचं तर माझा बोळका नेमी वाघ होता.

“हे तुम्हाला ठाऊक आहे,” मी त्यांच्या टेबलासमोर उभं राहून म्हटलं. “सांगाड्यांतल्या मुलांचं दूध कितव्या वर्षी सुटलं, हे तुम्ही याच आकड्यावरून सांगता.”

“अर्थात ठाऊक आहे.” त्यांनी कॉफी ढवळली. “मूळ लेखात तशी तळटीप आहे.”

“यंत्र तळटीप वाचतं का?”

“ईश्वरी, यंत्र तयार करताना जी मुलं तपासली ती बाटलीवरची होती. त्यांचे केसही आधी कापलेले, म्हणजे उरलेले अलीकडचे. जन्मापासूनचे केस कुणी तसेच राखून ठेवत नाही.”

“आम्ही ठेवतो.”

“तेच म्हणतोय. पद्धत बरोबर आहे. तुझा मुलगा अपवाद आहे.”

“माझा मुलगा सांगाडा असता तर त्याला न्याय मिळाला असता, सर.”

ते हसले. विनोद कळल्यासारखं हसायची त्यांना सवय होती. मग अगदी आपुलकीने म्हणाले, “सोपा उपाय आहे. दूध बंद कर. सहा आठवड्यांत नवे केस येतील, ते तुझ्या चुलीशी जुळतील. अकरा महिने पुष्कळ झाले.”

एका माणसाने तळटीप लिहून हात झटकले, म्हणून माझ्या बाळाने दूध सोडायचं. आणि हे मला तो माणूस कॉफी ढवळत सांगत होता. यांना तीन मुलं होती म्हणे. त्यांना कुणी वाढवलं असेल, देव जाणे.

घरी अक्कांचा सूर बदलला होता. कोंबडी नाही, आईचं दूध आहे, हे भरतेशने त्यांना फोनवर तासभर समजावलं होतं. त्या आता नव्या उत्साहात होत्या. “मग तोड की गं दूध. सम्मेदला मी नऊ महिन्यांतच तोडलं. कोरफड लाव. दोन दिवस रडंल, मग नाव काढणार न्हाई.”

“अक्का, तो अजून नीट जेवत नाही.”

“दूध मिळतंय म्हणून जेवत न्हाई.”

सम्मेद दुसऱ्या दिवशी दुकानातून कोरफडीचं पान घेऊन आला. ओट्यावर ठेवलं. मग जाता जाता म्हणाला, “चौकशीला माणसं आली आणि त्याला उचलून नेलं तर? विचार कर.”

मी विचार केला. दुसरा कुठला विचार मला सुचतच नव्हता. संध्याकाळी मी पान चिरून गर लावला. नेमी नेहमीसारखा रांगत आला, माझा गुडघा धरून उभा राहिला, मांडीवर चढला. तोंड लावलं आणि थबकला. त्याचं सगळं तोंड आक्रसलं, डोक्यावरचं नुकतं उगवलेलं मखमल थरथरलं. त्याने वर माझ्याकडे पाहिलं. तो रडला नाही. माझ्या गालावर त्याने हात ठेवला, मला काही झालंय का हे बघावं तसा. आणि मग, त्या कडूसकट, डोळे मिटून प्यायला लागला.

मी ओल्या फडक्याने उरलेली कोरफड पुसून काढली. सम्मेद दारात उभा होता. “हे होणार नाही,” मी त्याला म्हटलं. “चौकशी येऊ दे.”

मग ओट्यावरचं पान उचलून त्याने केराच्या डब्यात टाकलं. त्या अख्ख्या महिन्यात त्याने केलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट.

मी भरतेशला फोन केला. “तो कणकेचा गोळा अजून आहे ना?”

“आहे की. दगडासारखा झालाय. का गं?”

“पाठव. पंचगंगा थांबेल.”

जन्मापासून न कापलेला केस म्हणजे बाळाची रोजनिशीच. टोकाचा भाग पोटात असतानाचा, मुळाशी गेल्या आठवड्यातला. खात्याच्या यंत्राने सगळा केस एकत्र दळून सरासरी काढली होती. मी कणीक धुऊन काढली, केसाचे भातासारखे बारीक तुकडे केले आणि दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या यंत्रात क्रमाने घातले. पडद्यावर रेघ उमटली. टोकाला नेमीचा आकडा आणि माझा आकडा एकच. पोटात आम्ही एकच माणूस होतो, हे यंत्रालाही मान्य होतं. मग जन्म, आणि रेघ वर चढायला लागली: पहिलं दूध, पावसाळ्याचं दूध, ताप आला होता तेव्हाचं, रात्ररात्र प्यायलेलं. मग उष्टावण झालं तिथून ती हळूच खाली वळली, एकेका घासाने. मी ती रेघ पाहत सुट्टी संपेपर्यंत बसून राहिले. माझ्या मुलाचं एवढं सुंदर चित्र कुठल्या कॅमेऱ्याने काढलं नव्हतं.

सुनावणीला तीन माणसं होती: हॉर्नबी, सल्लागार म्हणून व्हिटलॉक आणि मध्ये अध्यक्षा श्रीमती ओल्डरिज. त्यांना नेमीकडे पाहायचं नव्हतं. मूल प्रकरणात होतं, खोलीत असायची गरज नव्हती. तरी मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी सम्मेद.

“दुसऱ्या चुलीचा पत्ता आणलात?” हॉर्नबीने विचारलं.

“दुसरी चूल नाही.”

“तुमच्या चुलीवरचं अन्न एक पायरी खाली आहे. मुलगा ते खात नाही. मग तो खातो काय?”

“मला,” मी म्हटलं.

हॉर्नबीचं हसू पहिल्यांदाच एका कोपऱ्यात चुरगळलं.

“मी त्याची चूल नाही. त्याचं जेवण आहे. तुमच्या यंत्राने बरोबर ओळखलं, तो एका प्राण्यावर जगतो. तो प्राणी तुमच्यासमोर बसलाय.” आणि मी ती रेघ त्यांच्यापुढे सरकवली. “प्राध्यापक व्हिटलॉक हिचा अर्थ सांगतील. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मुलांबद्दल ते नेहमी सांगतात.”

व्हिटलॉकना सांगावंच लागलं. त्यांनी घसा साफ करून, तळटीपेचा दोनदा उल्लेख करून सांगितलं. श्रीमती ओल्डरिज मान डोलावत होत्या. मी नेमीला घट्ट धरलं. जिंकलो होतो आम्ही.

पण सम्मेदच्या मनात ती कोंबडी गेला महिनाभर सलत होती. तो उठून उभा राहिला.

“मॅडम, एक गोष्ट नोंदवून घ्या. आमच्या घरात मांसाहार कधीच झालेला नाही. इथलं अन्नसुद्धा आम्ही घेत नाही. आमची ज्वारी माझी आई स्वतः निवडून, दळून इचलकरंजीहून पाठवते. रोज तीच भाकरी. पाहिजे तर यंत्रात घाला.”

मी डोळे मिटले.

“ज्वारी?” श्रीमती ओल्डरिज यांनी व्हिटलॉककडे पाहिलं. “ती मक्यासारखीच दिसते का?”

“केसात? हुबेहूब,” व्हिटलॉक म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शास्त्रज्ञाचा आनंद उमटला.

निकाल पंधरवड्याने आला. तो मी अजून जपून ठेवलाय, कारण सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. चौकशी रद्द. मूल आईचंच आहे आणि आईवर जगतं, हे मान्य. परंतु अर्जदार व तिचा पती यांचं अन्न परदेशातून येतं, सबब ते दोघे या देशात राहत नसून दीर्घ मुक्कामी पाहुणे आहेत. (पाहुण्यांनी कर भरायचा असतोच, तो भरत राहावा.) मुलाचं अन्न मात्र याच देशात, हॅलोवे गावात, जागेवर उपलब्ध होतं. सबब मूल पूर्ण रहिवासी. घरातला एकमेव रहिवासी या नात्याने कुटुंबप्रमुख: नेमी सम्मेद मगदूम. प्रमुखाचा अन्नपुरवठा: आई.

भरतेश फोनवर एवढा हसला की त्याला ठसका लागला. “मालकांना द्या फोन, मालकांना!” अक्कांनी मात्र पदर डोळ्याला लावला. “पोरगं कर्तं झालं,” म्हणाल्या. “पण दूध नगं तोडूस आता. त्याच्यावर घर चाललंय.”

सम्मेद कर्त्याचा अंगठा कागदावर उठवायला बसला. नेमीने शाई चाखली, सम्मेदच्या सदऱ्याला पुसली आणि शेवटी उरलेली कागदाला दिली. “चुकलंच माझं,” सम्मेद खाली मान घालून म्हणाला. मालकांच्या घरात पाहुण्यांनी भांडू नये.

त्या उन्हाळ्यात गार हवा एका माणसापुरती मिळाली, दुपारचे काही तास. आम्ही तिघं नेमीच्या खोलीत दार लावून बसायचो. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असायचं. यंत्र सुरू झालं की नेमी रांगत यायचा, गुडघा धरून उभा राहायचा आणि आपल्या हक्काच्या जागी चढायचा. एक हात माझ्या गालावर, डोळे मिटलेले, टाळूवर बोटभर नवं जावळ. सरकारदरबारी मी त्या घरातली माणूस नव्हते, जेवण होते. जेवणाची काही तक्रार नव्हती.